आईचा आवाज काढून टाका

१

"माझ्या आईचा आवाज घरातून काढून टाका."

तक्रारीत एवढं एकच वाक्य होतं. खाली नाव सिद्धेश घाडी, पत्ता बोरीवलीचा.

मी संघमित्रा. राहते घाटकोपरला, काम करते अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत. आम्ही लोकांच्या घरी 'मंजुळा' बसवतो. मंजुळा म्हणजे नारळाएवढा गोल डबा. तिला हाक मारून सांगायचं, दिवा लाव, गीझर बंद कर, दार उघड, की ती करते. निदान जाहिरातीत तरी करते. खऱ्या घरात कुकरची शिट्टी झाली की "मला समजलं नाही" म्हणते, आणि मराठीत 'पंखा हळू कर' म्हटलं की पंखाच बंद करून टाकते. तरी लोक तिच्याशी बोलतात. आज्या तर तिला 'अगं' म्हणतात आणि काम झालं की 'बरं हं बाई' म्हणून सोडतात. तिचं बिनसलं की लोकांना वाटतं घरात भूत शिरलं, मग मला पाठवतात. आजवर मला एकही भूत भेटलेलं नाही. दर वेळी घरातलंच कोणीतरी निघतं.

सिद्धेश घाडी मला सोसायटीच्या गेटपाशीच भेटले. चाळिशीचे, केस विस्कटलेले, दोन रात्री झोप नसावी असा चेहरा.

"वर बोलायला नको," ते म्हणाले. "बाबांचं बायपास झालंय. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही."

"काय कळू द्यायचं नाही?"

"मॅडम, तुम्ही फक्त आईचा आवाज काढा ना. दार आणि गीझर तिच्या सांगण्यावर चालायला नको."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," मी म्हटलं. "काय झालंय?"

ते बाकावर बसले. "बाबांचा पखवाज घरातून गेला. गिरणीच्या भजनी मंडळातला, माझ्यापेक्षा जुना. खुंटीवर गवसणी तशीच टांगलेली, पण आत पखवाजाऐवजी उशी. परवा आईने धूळ झटकायला गवसणी काढली तेव्हा समजलं. बाबांना अजून सांगितलं नाहीये. कळलं तर हाय खातील."

"पोलिसांकडे गेलात?"

"कशाला जाऊ? कोणी नेला ते मला माहीत आहे." त्यांनी फोन काढला, पण माझ्याकडे दिला नाही. "माझ्या आईने. आणि तिला त्यातलं काहीच आठवत नाहीये."

२

लिफ्टमध्ये त्यांनी बाकीचं सांगितलं. घाडींचं दार ओढून घेतलं की आपोआप लागतं. मग ते किल्लीने उघडतं, नाहीतर मंजुळाला सांगून; तिचा एक छोटा माइक दाराबाहेर बेलपाशीही आहे. पण मंजुळा कोणाचंही ऐकत नाही. दिवे आणि गाणी पाहुण्यांनी सांगितली तरी चालतात, दार आणि गीझर मात्र ओळखीच्या आवाजालाच. असे आवाज या घरात तीन होते. सिद्धेश, त्यांची बायको दीप्ती आणि आई मालन. वडिलांनी डब्याशी बोलायला साफ नकार दिला होता.

मंजुळा आवाज साठवून ठेवत नाही, घाडींनीच तसं ठरवलं होतं. कोण बोललं आणि काय बोललं, एवढंच फोनवर उमटतं. चार दिवसांपूर्वीच्या दुपारचं, पखवाज तेव्हाच गेला असं सिद्धेशनी धरलं होतं, असं उमटलं होतं:

'मालन: दार उघड.'

'मालन: लवूला फोन लाव.'

'मालन: दार उघड.'

ती तिन्ही वाक्यं मी माझ्या फोनवर टिपून घेतली. "लवू म्हणजे?"

"बाबा. ते तेव्हा खाली गेटवर होते. म्हणजे आईने पखवाज कोणाला तरी दिला, मध्येच बाबांना फोनसुद्धा केला, आणि सगळं विसरली! ही पहिली वेळ नाही. दर एक-दोन दिवसांनी दुपारी दार उघडल्याचं मला ऑफिसात कळतं. विचारलं तर म्हणते, मी निजले होते." त्यांनी फोन खिशात टाकला. "माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. शेवटी ती मला ओळखत नव्हती. सोमवारी डॉक्टरकडे नेतोय. उद्यापासून आयाबाई येईल. गॅस तर परवापासूनच बंद केलाय तिला."

मला राग आला होता, पण तो बाहेर काढायला जागा सापडेना. माणूस वाईट नव्हता. आईवरच्या मायेनेच घाबरला होता.

मालनताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत नाही, बाहेर. आत दीप्ती पोळ्या लाटत होती आणि या सासूबाई दुरून बघत होत्या. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात घराची किल्ली.

"बस गो बाय," त्या म्हणाल्या. "चाय दिलंय असतंय, पण माका गॅसाकडे जावक बंदी आसा."

दीप्तीचं लाटणं थबकलं. "आई, असं नका ना बोलू."

मी माझा फोन काढला. सुरुवात साध्या प्रश्नांनी केलेली बरी असते. "तुमचं पूर्ण नाव सांगा, आजी."

"मालन घाडी."

"मधलं नाव? मिस्टरांचं?"

त्या हसल्या आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली. "दीप्ती, सांग गो हेका."

"लवू," दीप्ती आतून म्हणाली.

मी ते टिपलं आणि पुढे गेले. माझ्यासारखी शहाणी मीच.

"मंजुळाशी जमतं का तुमचं?"

"तां माझा कधी आयकलाच नाय. दिवो लावता, गाणी लावता, पण दार उघड म्हटला की गप. म्हणून ही किल्ली."

सिद्धेश माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. दर दुपारी दार उघडणारी बाई म्हणतेय की दार माझ्याच्याने उघडत नाही.

"आणि पखवाज?"

"तो हेंचो पखवाज. तेका हात लावताना मी पाया पडतंय. तो मी कोणाक कित्या देतलंय? दुपारची मी निजतंय. दार उघडूक नाय, पखवाज देवक नाय." मग त्यांनी माझा हात धरला. "तू शिकलेली आसस. खरा सांग गो. माझा डोक्या फिरला काय?"

३

खोटा धीर द्यायला मला आवडत नाही, म्हणून मी त्यांचा हात तेवढा दाबला आणि गवसणी बघायला मागितली.

जाड खादीची गवसणी, तोंडाशी नाडी. आत उशी, आणि उशीला गोल आकार यावा म्हणून भोवती टॉवेल घट्ट गुंडाळलेला. वर नाडीची सुबक गाठ. चोर एवढी उठाठेव करत नाही, उचलतो आणि पळतो. विसरभोळं माणूसही नाही करत. पखवाज गेला हे कोणाला कळू नये, कोणाचा जीव खालीवर होऊ नये, म्हणून कोणीतरी हे निगुतीने केलं होतं. उशीच्या अभ्र्यावर फिकट निळी फुलं होती.

दीप्तीला मी बाल्कनीत गाठलं. ती घरूनच काम करते आणि तिच्या खोलीचं दार बंद असतं.

"त्या दुपारी काही ऐकलंत?"

"कानात हेडफोन होते, मीटिंग चालू होती." मग स्वतःच म्हणाली, "तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मी एकदा बोलले होते, बाबा आता वाजवत नाहीत तर पखवाज मंडळाला देऊन टाका. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"तुमचा कोणावर संशय?"

"संशय कसला? माझ्या हातच्या पोळ्या खाऊन सिद्धेश आठवड्यात वाळेल. आई ठीक असायला हव्यात, बास." तिचे डोळे भरून आले. तिला मी संशयितांतून तिथेच वगळलं. शास्त्रीय कारण काही नव्हतं.

तेवढ्यात लवू घाडी बाहेरून आले. उंच, किडकिडीत, किल्लीने दार उघडून. सिद्धेशनी माझी कंपनीची बाई म्हणून ओळख करून दिली. त्यांनी मानेला हात लावत कसाबसा नमस्कार केला.

"मान धरलीय काका?"

"होय, चार दिस झाले. उशी बरी नाय."

"तुम्ही पखवाज वाजवता असं ऐकलं."

"वाजवी होतंय. पुडी फाटली, तोंडावरचा चामडा गेला, मग माझा ऑपरेशन झाला. आता नाय." एवढं बोलून ते घाईघाईने म्हणाले, "आसा थंयच, खुंटीक."

ते खुंटीकडे वळलेसुद्धा नाहीत. जन्मभर जपलेल्या वस्तूचं नाव निघालं की माणसाची नजर आपसूक तिकडे जाते. यांनी ती ओढून धरली होती. मग मोबाइल बघितला, "माका जरा जावक होया," म्हणाले आणि आले तसे निघून गेले.

मी त्यांच्या खोलीत डोकावले. पलंगावर दोन जागा. मालनताईंच्या जागी दोन उशा. काकांच्या जागी उशीच नव्हती, घडी केलेली चादर होती. आणि मालनताईंच्या दोन्ही उशांवर फिकट निळी फुलं.

म्हणजे हरवलेल्या पखवाजाच्या जागी खुद्द त्याच्या मालकाची उशी होती.

४

"बाबांनी?" सिद्धेश कुजबुजले. "स्वतःचाच पखवाज स्वतः कोण चोरेल? आणि ते तर खाली होते, वॉचमनने बघितलंय. दार आईच्याच आवाजाने उघडलं. फोनवर लिहिलंय ना!"

लिहिलंय ना. हल्ली हे एक मोठंच झालंय. सख्खी आई समोर बसून सांगते की मी नाही केलं, आणि डबा म्हणतो तिने केलं, तर माणसं डब्याचं ऐकतात.

मी उत्तर देणार, तोच एक ठणठणीत बाई हातात वाटी आणि तेलाची बाटली घेऊन थेट आत आली. बेल वाजली नव्हती. मालनताईंएवढ्याच वयाची, पण दंड असे की जन्मभर मासळीच्या पाट्या वाहिल्यात हे सांगायला नको.

"या शांताबाई, शेजारच्या," दीप्ती म्हणाली. "आईंची मैत्रीण."

"कोलंबीचं कालवण आणलंय, मालन," शांताबाई म्हणाल्या. "तुला बंदी घातलीय म्हणे चुलीवर? काय रे सिद्धू, ही अक्कल कुठून आणलीस? आणि ही पोरगी कोण?"

"मंजुळाच्या कंपनीची," मी म्हटलं.

"अगं, फार गुणाचं यंत्र आहे! माझ्या लेकालाही सांगितलं, असलंच घे. बरं मालन, लवूच्या मानेला हे तेल लाव. बिचारा सकाळी लिफ्टमध्ये भेटला तर पोपटासारखी मान वाकडी करून."

लवूच्या मानेला.

माझ्या हातातला फोन मी पुन्हा उघडला. 'मालन: लवूला फोन लाव.' मग त्याखाली मी नंतर टिपलेलं बघितलं. पतीचं नाव लवू, सांगणार सून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. माझी आजीसुद्धा जन्मात आजोबांचं नाव घेत नव्हती. रेशनच्या दुकानात आईला पुढे करायची. अशा घरात मुलांना ते जाणवतच नाही. आई 'हे' म्हणते, म्हणजे बाबा. सिद्धेशनी ते वाक्य शंभरदा वाचलं असेल आणि शंभरदा त्यांच्या नजरेतून ते सुटलं.

"सिद्धेश," मी म्हटलं, "आईच्या तोंडून बाबांचं नाव तुम्ही कधी ऐकलंय?"

ते हसायला गेले आणि मध्येच थांबले.

मी मंजुळाचा डबा टेबलावर मधोमध आणून ठेवला. "आजी, हिला विचारा, मंजुळा, मी कोण?"

मालनताई पुढे वाकल्या. "मंजुळा, मी कोण?"

डबा गोड आवाजात म्हणाला, "माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही."

स्वतःच्या घरात बसलेल्या बाईला ते यंत्र शांतपणे परकी म्हणत होतं. सिद्धेशचा चेहरा पांढरा पडला.

"आता शांताबाई, तुम्ही."

"मी? मी कशाला?" त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदर सावरला. "मंजुळा, मी कोण?"

"तुम्ही मालन घाडी."

५

"अगं बाई!" शांताबाई मटकन बसल्या.

"घाबरू नका," मी म्हटलं. "मंजुळा बसवली त्या दिवशी तुम्ही इथे होतात ना?"

उत्तर मालनताईंनी दिलं, खाली बघत. "सिद्धून माका डब्यासमोर बसवल्यान आणि तो फोनार बोलूक भायर गेलो. डबो सांगी होतो, ही ही वाक्या म्हण. पयलाच वाक्य हेंच्या नावाचा! फोन लाव म्हणून. मी कशी म्हणतलंय? शांता म्हणाली, तू गप बस, मी म्हणतंय."

"मग काय करणार?" शांताबाई म्हणाल्या. "ही लाजून लाल झालेली. मी म्हटली पाचही वाक्यं खणखणीत. नंतर बघते तर दार माझं ऐकतंय! मला वाटलं सिद्धूनेच केलं असेल शेजारधर्म म्हणून. दुपारी मालन निजलेली असते, मी हळूच येते, वाटी ठेवते, जाते. उगाच बेल कशाला वाजवायची?"

"माका वाटा, वाटी दीप्तीन दार उघडून घेतल्यान. आणि माका दार ओळखत नाय, तां मी कोणाक सांगूक नाय," मालनताई म्हणाल्या. "सिद्धून हौशीन आणलेला. तेका वाईट वाटला असता."

आता सगळं सरळ होतं. घराने आईचा आवाज म्हणून शेजारणीचा आवाज शिकून घेतला होता. दुपारच्या वाट्या शेजारीण आणत होती आणि विसरभोळेपणा आईच्या नावावर जमा होत होता. सिद्धेश साप साप म्हणून भुई धोपटत होते.

"आणि पखवाज?" मी शांताबाईंकडे बघितलं. "लवूकाकांना डॉक्टरांनी जड उचलायची मनाई केलीय. तुम्ही दंडाच्या खंबीर. ते खाली रिक्षा धरून उभे राहिले, तुम्ही आत येऊन पखवाज काढलात, त्यांच्याच सांगण्यावरून त्यांची उशी आत भरलीत. मग इथूनच त्यांना फोन लावलात की निघाले. हो ना?"

शांताबाईंनी ओठ घट्ट मिटले. "मी शब्द दिलाय."

"इथे मालनताईंना वेडं ठरवतायत!"

"काय?" त्या उभ्याच राहिल्या. "मला एवढंच सांगितलं की तब्येतीसाठी चुलीपासून लांब ठेवलंय!" त्यांनी एकदा मैत्रिणीकडे बघितलं आणि शब्दाची गाठ सोडली. "मालनला पंचाहत्तर पूर्ण होतायत. लवू म्हणाला, हिला साडी नको, दागिना नको, माझा पखवाज परत वाजलेला हवाय. पुडी बदलायला इथल्याच स्टेशनाजवळच्या कारागिराकडे दिलाय. हिला कळू द्यायचं नव्हतं. आज तयार होणार होता, तोच आणायला गेलाय तो."

म्हणजे पखवाज गेल्याचं घर लवूंपासून लपवत होतं, आणि पखवाज दिल्याचं लवू घरापासून लपवत होते. दोघंही एकमेकांच्या काळजाला जपत होते आणि त्या जपण्यात मालनताई भरडल्या गेल्या होत्या.

सिद्धेश आईच्या पायाशी जमिनीवर बसले. "आई, मी तुझ्यापेक्षा त्या डब्यावर विश्वास ठेवला गं."

मालनताईंनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "तू भियालस रे बाबू. माका कळता. मीपण भियालंय." मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांतून वाहिलं, आणि शांताबाईंनी त्यांना असं कवटाळलं की मला कालवणाची वाटी बाजूला सरकवावी लागली. दीप्तीने आत जाऊन पोळपाट-लाटणं धुतलं, ओट्यावर आईंच्या जागी ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरची खुर्ची उचलली.

मी माझं काम केलं. 'मालन' नावाचा आवाज पुसला. नवा आवाज शिकवायला घेतला तर डबा पुन्हा तेच म्हणाला. पहिलं वाक्य म्हणा, लवू यांना फोन लाव.

"दुसरं वाक्य नाही का हो देता येत?" सिद्धेशनी विचारलं.

देता आलं असतं. मी तोंड उघडणार, तोच मालनताईंनी हात वर केला. पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला. आणि लग्नाच्या पंगतीत घेतात तसं, सावकाश, ठसक्यात म्हणाल्या,

"यंत्र आलं घरात, त्याला नाही माझी ओळख,
लवूरावांचं नाव घेते, आता तरी आवाज पारख!"

दीप्तीने टाळ्या वाजवल्या. मग ते पहिलं वाक्य आणि पुढची सगळी आजींनी भराभर म्हटली, आता काय उरलं होतं लाजायला! डबा जरा वेळ फिरत्या दिव्यात विचार करत राहिला. मग म्हणाला, "नमस्कार, मालन घाडी."

लिफ्ट कधी थांबली ते कोणाला कळलं नव्हतं, आता दाराबाहेर हालचाल ऐकू आली. वॉचमन काहीतरी जड खाली ठेवत होता, आणि लवू खिशात किल्ली शोधत पुटपुटत होते.

"मंजुळा," मालनताई म्हणाल्या, "दार उघड गो."

खट्ट झालं आणि दार उघडलं. लवू घाडी दारात उभे, वाकड्या मानेने, शेजारी कोऱ्या पुडीचा पखवाज. त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले, शांताबाईंचा अपराधी चेहराही बघितला, आणि त्यांना समजलं की गुपित फुटलं. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

"मघाशी भायर आयकलंय मी," ते बायकोकडे बघत म्हणाले. "माझा नाव कोणी घेतल्यान?"

मालनताई लाजल्या, उठल्या आणि त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"खंय चललंस?"

"पखवाजाक कणीक लागतली ना डावीकडच्या पुडीक? ती काय तो डबो मळतलो?"

डब्यातून पीठ काढल्याचा, मग परातीत पाणी ओतल्याचा आवाज आला. दोन दिवसांनी त्यांच्या हातचा तो आवाज त्या घरात होत होता, आणि सिद्धेश तो डोळे मिटून ऐकत होते. मी फोनवर तक्रारीचं पान उघडलं. 'माझ्या आईचा आवाज घरातून काढून टाका.' खाली लिहायचं असतं, काय केलं. मी लिहिलं, 'घरात आईचा आवाज नव्हताच. आज घातला.'